अध्यक्षीय उमेदवारीचे भाकीत (अमेरिका)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी आघाडीवर दिसणाऱ्या इच्छुकालाच मिळेल का, याचा आगाऊ अंदाज. जनमत चाचण्या, पक्षनेत्यांचे पाठिंबे, जमलेला निधी, प्रतिनिधींचे गणित आणि सट्ट्याचे भाव ही या अंदाजाची साधने आहेत. यांतले एकही साधन सर्वकाळ खरे ठरलेले नाही, कारण उमेदवार ठरवणारे हात आणि मते मोजण्याचे नियम वेळोवेळी बदलत आले. त्यामुळे पुढे कोण आहे हे विचारण्याआधी निर्णय कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

उमेदवारीवर शिक्कामोर्तब पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात होते आणि तेथे राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी मत देतात. पूर्वी हे प्रतिनिधी बव्हंशी स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत असत. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात विल्यम सिवर्ड पहिल्या फेरीत पुढे होते, पण तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकन यांनी बाजी मारली. डेमोक्रॅटिक पक्षात १९३६ पर्यंत दोन-तृतीयांश मतांची अट होती. तिच्यापायी १९१२ मध्ये चॅम्प क्लार्क यांची उमेदवारी निम्म्याहून अधिक मते मिळूनही हुकली आणि ४६व्या फेरीत ती वुड्रो विल्सन यांच्याकडे गेली. १९२४ मध्ये विल्यम मॅकअडू आणि अल स्मिथ हे दोन्ही प्रबळ उमेदवार एकमेकांना अडवून बसले, आणि १०३व्या फेरीत जॉन डेव्हिस निवडले गेले.

हे चित्र १९६८ नंतर पालटले. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली, शिकागोच्या रस्त्यांवर निदर्शक आणि पोलीस भिडले, आणि पक्षाला नियम बदलणे भाग पडले. १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्रायमरी (सरळ मतदान) किंवा कॉकस (कार्यकर्त्यांच्या सभेतील निवड) यांतून ठरू लागले. आजच्या अर्थाने भाकिताचा विषय येथून सुरू होतो. पहिल्याच वर्षी आघाडीचे मानले गेलेले एडमंड मस्की यांनी न्यू हॅम्पशायर जिंकले, पण मताधिक्य अपेक्षेपेक्षा कमी भरल्याने ते माघारले आणि उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मिळाली.

वर्षभर आधीच्या देशव्यापी चाचण्या मुख्यतः नावाची ओळख मोजतात. ज्याचे नाव ऐकले आहे त्याच्याकडे मतदार बोट दाखवतो, आणि इतरांची ओळख झाली की मत फिरते. २००७ मध्ये बहुतेक काळ रिपब्लिकन चाचण्यांत न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी पुढे होते. सुरुवातीची राज्ये सोडून त्यांनी सारी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, २९ जानेवारी २००८ ला तेथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. ज्यांच्या मोहिमेची तिजोरी २००७ च्या उन्हाळ्यात रिकामी झाली होती, ते जॉन मॅकेन उमेदवार झाले.

चाचण्यांच्या या कच्चेपणामुळे अभ्यासकांचे लक्ष पक्षांतर्गत पाठिंब्याकडे वळले. मार्टी कोहेन, डेव्हिड कॅरोल, हान्स नोएल आणि जॉन झालर यांनी २००८ च्या ‘द पार्टी डिसाइड्स’ या ग्रंथात मांडले की, मतदानाआधीच गव्हर्नर, सिनेटर, कार्यकर्ते आणि हितसंबंधी गट ज्याच्यामागे एकवटतात तोच बहुधा उमेदवार होतो. मांडणी अभ्यासपूर्ण होती, पण २०१६ ने तिला जबर तडाखा दिला. आयोवातील मतदानापर्यंत एकाही विद्यमान गव्हर्नरने किंवा सिनेटरने डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला नव्हता. जेब बुश यांच्या समर्थक गटाने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभारली होती, ती वाया गेली. नामांकित विश्लेषक नेट सिल्व्हर यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प यांना सुमारे २ टक्के संधी दिली होती. तो आकडा सांख्यिकीय प्रतिमानातून आला नव्हता, आपला व्यक्तिगत अदमास होता, हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिले. त्यांची ही कबुली या क्षेत्रातले मोलाचे लेखन मानायला हवी. जुलै २०१५ पासून चाचण्या सातत्याने ट्रम्प यांच्याकडे बोट दाखवत होत्या, आणि त्या वेळी त्या खऱ्या निघाल्या.

ट्रम्प यांच्या यशात नियमांचा वाटाही मोठा होता. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये पहिल्या क्रमांकाला सगळे किंवा बहुतेक प्रतिनिधी देऊन टाकतात. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली आणि तेथील ५० च्या ५० प्रतिनिधी मिळाले. मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ यांना मिळून जास्त मते होती, पण दोघांच्या हाती शून्य आले. विरोधक विभागलेले असतील तर अशा नियमात आघाडीचा उमेदवार झपाट्याने इतरांच्या आवाक्याबाहेर जातो.

डेमोक्रॅटिक नियम नेमके उलटे आहेत. १५ टक्क्यांच्या वर मते मिळवणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, म्हणून मोठा विजयही थोडाच फायदा देतो. ५ फेब्रुवारी २००८ ची दोन राज्ये शेजारी ठेवली की हे लख्ख दिसते. न्यू जर्सीसारखे मोठे राज्य हिलरी क्लिंटन यांनी जिंकले. प्रतिनिधी वाटले गेले ५९ विरुद्ध ४८, म्हणजे फायदा ११ चा. त्याच दिवशी बराक ओबामा यांनी आयडाहोच्या कॉकसमध्ये १८ पैकी १५ प्रतिनिधी घेतले, म्हणजे फायदा १२ चा. लोकवस्तीने विरळ अशा राज्याने न्यू जर्सी पुसून टाकले. दूरचित्रवाणीच्या नकाशावर मात्र न्यू जर्सीचा विजय ठळक होता. ओबामांच्या चमूने हे गणित आधीच मांडून छोट्या कॉकस-राज्यांत माणसे पेरली होती. फेब्रुवारीअखेर त्यांची आघाडी शंभरापुढे गेली आणि प्रमाणशीर वाटपात ती भरून काढणे क्लिंटन यांना जवळपास अशक्य झाले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया जिंकूनही फरक फारसा घटला नाही. स्वतंत्र मत असलेल्या पक्षधुरीणांचा, म्हणजे सुपरडेलिगेटांचा, कौल तेवढा अनिश्चित होता. वृत्तपत्रे जूनपर्यंत अटीतटीची झुंज रंगवत राहिली, परंतु प्रतिनिधी मोजणाऱ्यांना निकाल मार्चमध्येच दिसू लागला होता.

सट्टाबाजारांकडे अलीकडे बरेच लक्ष असते. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये सुरू केलेल्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, उमेदवार जिंकल्यास एक डॉलर देणारा करार ७० सेंटला विकला जात असेल तर त्याची शक्यता ७० टक्के धरली जाते. बातमी येताच भाव हलतो, हा त्याचा गुण. दूरच्या शक्यतांचे करार मात्र अवाजवी महाग राहतात. ते विकून मिळणाऱ्या चार-पाच सेंटसाठी महिनोन्महिने पैसा अडकवायला कोणी तयार नसतो, म्हणून ती किंमत खाली येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बाजाराचा कल बर्नी सँडर्स यांच्याकडे होता. जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला, २९ तारखेला साउथ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांच्या बळावर बायडन मोठ्या फरकाने जिंकले, पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशर यांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला बायडन यांनी १४ पैकी १० राज्ये घेतली. २०१६ मध्ये फसलेला पक्षनेत्यांच्या पाठिंब्याचा सिद्धान्त येथे आठवड्याभरात खरा ठरला.

ठोकळ नियमांवर फार विसंबू नये. १९५२ ते १९८८ पर्यंत निवडून आलेल्या प्रत्येक अध्यक्षाने न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकली होती. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी ती हरून अध्यक्षपद मिळवले, पुढे जॉर्ज डब्ल्यू. बुश, ओबामा आणि बायडन यांनीही. १९७२ पासून दोन्ही पक्ष मिळून खऱ्या चुरशीच्या लढती जेमतेम विसेक झाल्या आहेत, आणि इतक्या थोड्या उदाहरणांवरून काढलेली टक्केवारी दिसते तेवढी भक्कम नसते.

गणित पूर्ण झाल्यावरही एक वाट उरते, हे २०२४ मध्ये दिसले. बायडन यांनी जवळजवळ सर्व डेमोक्रॅटिक प्रतिनिधी जिंकले होते. जूनमधील ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादचर्चेनंतर पक्षातून दबाव वाढला आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कमला हॅरिस यांच्यामागे पुरेसे प्रतिनिधी उभे राहिले. ५ ऑगस्टला संपलेल्या दूरस्थ मतदानात त्यांची उमेदवारी पक्की झाली, तेव्हा शिकागोचे अधिवेशन भरायला दोन आठवडे बाकी होते.