उत्तर आयर्लंडमधील सत्तावाटप व महिला आघाडी

धर्म, भाषा वा वंश यांवरून दुभंगलेल्या समाजात प्रत्येक गटाला शासनात वाटा देऊन शांतता राखण्याच्या व्यवस्थेस सत्तावाटप म्हणतात. डच-अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ आरेंड लायपहार्ट यांनी १९६० नंतरच्या दशकांत तिची तात्त्विक मांडणी केली. गट हा एकसंध असतो, असे ही मांडणी गृहीत धरते. गटांतर्गत स्त्रियांचे स्थान तिच्या कक्षेबाहेर राहते, हा स्त्रीवाद्यांचा मुख्य आक्षेप होय.

उत्तर आयर्लंडमध्ये या आक्षेपाची कसोटी लागली. १९९६ साली शांतता-वाटाघाटींचे प्रतिनिधी निवडण्यासाठी निवडणूक जाहीर झाली. उमेदवारयाद्यांत स्त्रियांना स्थान द्यावे, ही विनंती प्रस्थापित पक्षांनी मनावर घेतली नाही. तेव्हा मोनिका मॅकविल्यम्स या कॅथलिक प्राध्यापिका व पर्ल सेगर या प्रॉटेस्टंट समाजसेविका यांच्या पुढाकाराने काही आठवड्यांतच महिला आघाडी उभी राहिली. ३० मे रोजी तिला जेमतेम एक टक्का मते मिळाली. तथापि पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा देण्याची तरतूद असल्याने या दोघी वाटाघाटींत पोहोचल्या. ही तरतूद मुळात सशस्त्र संघटनांशी संबंधित छोट्या पक्षांना सामावून घेण्यासाठी होती, स्त्रियांसाठी नव्हे.

१० एप्रिल १९९८ च्या करारात स्त्रियांचा समान राजकीय सहभागाचा हक्क, हिंसाचारातील बळींची दखल, दोन्ही पंथांच्या मुलांचे एकत्र शिक्षण आणि साठ सदस्यांचा नागरी मंच या गोष्टी आल्या, त्यांत आघाडीचा वाटा मोठा होता. नागरी मंच मात्र २००२ मध्ये विधानसभेबरोबरच स्थगित झाला.

नव्या विधानसभेच्या १०८ जागांपैकी दोन आघाडीस मिळाल्या. प्रत्येक सदस्याने स्वतःची नोंद युनियनवादी, राष्ट्रवादी वा इतर अशी करावयाची होती, आणि महत्त्वाच्या ठरावांस पहिल्या दोन्ही गटांची स्वतंत्र संमती लागे. ‘इतरां’चे मत तेथे निरुपयोगी ठरे. २ नोव्हेंबर २००१ रोजी डेव्हिड ट्रिंबल यांची प्रथम मंत्री म्हणून फेरनिवड अडली, तेव्हा व्यवस्था वाचविण्यासाठी आघाडीच्या जेन मॉरिस यांनी युनियनवादी व मॅकविल्यम्स यांनी राष्ट्रवादी अशी नोंद केली. ज्या कप्प्यांना आघाडीने नाकारले, त्यांतच तिला शिरावे लागले. तरीही एक मत कमी पडले. चार दिवसांनी अलायन्स पक्षाच्या काही सदस्यांनी हाच मार्ग पत्करल्यावर ट्रिंबल निवडून आले.

२००३ च्या निवडणुकीत आघाडीने दोन्ही जागा गमावल्या व २००६ मध्ये ती विसर्जित झाली. तिच्या टीकेतील मर्म पुढेही प्रत्ययास आले : गर्भपाताला गुन्हा ठरविणारे तेथील कायदे ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द झाले, तेही विधानसभा ठप्प असताना, ब्रिटिश संसदेच्या कायद्याने.