सप्टेंबर १९६५ आणि अणुयुद्धाच्या पायऱ्या

अणुयुद्ध म्हटले की एखादा माथेफिरू राज्यकर्ता आणि त्याच्या हातातील कळ असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. इतिहास मात्र निराळे सांगतो. युद्धे बहुधा विचारी माणसांच्या, त्या त्या क्षणी रास्त वाटणाऱ्या निर्णयांतून वाढत जातात. याचे उदाहरण सातारा-सांगलीकरांना दूर शोधावे लागत नाही.

देवराष्ट्रे हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले, तरी १९१३ साली यशवंतराव चव्हाण तेथे जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. कराडात वाढलेले यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण इतके वापरले की त्यामागील जबाबदारीचा विचार राहूनच गेला.

ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानने काश्मिरात घुसखोर धाडले. २८ ऑगस्टला भारताने हाजीपीर खिंड घेतली. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. अखनूर धोक्यात आले. त्या दुपारी जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांना भेटले. हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. भारत लढाई काश्मीरबाहेर नेणार नाही, हा पाकिस्तानचा हिशेब होता. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाल्या. १६ सप्टेंबरला चीनने भारताला निर्वाणीचा खलिता धाडला. त्याने आदल्याच वर्षी अणुस्फोट केला होता. अखेर २३ सप्टेंबरला युद्ध थांबले.

यशवंतरावांचा निर्णय योग्यच होता. परंतु यातील प्रत्येक पाऊल टाकणाऱ्याच्या लेखी ते ‘प्रत्युत्तर’च होते, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘आरंभ’ हा शब्द प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राखून ठेवला. युद्ध चढत जाते ते या शब्दाच्या आधाराने.

मे १९९८ नंतर याच जिन्याला वरच्या पायऱ्या जोडल्या गेल्या. भारताचे २००३ चे धोरण अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याचे आहे. मात्र भारतीय भूमीवर किंवा कोठेही भारतीय सैन्यावर अणुहल्ला झाल्यास प्रचंड प्रतिप्रहार करू, असेही ते बजावते. प्रथम वापर न करण्याचे बंधन पाकिस्तानने स्वीकारलेले नाही. सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ क्षेपणास्त्र त्याने २०११ मध्ये चाचणीस आणले. ते चालून येणाऱ्या फौजेवर वापरण्यासाठीच आहे. ६ सप्टेंबरसारखी आगेकूच, तिच्यावर एक ‘लहान’ अण्वस्त्र आणि त्यावर प्रचंड प्रतिप्रहार, असा हा क्रम संभवतो. फेब्रुवारी २०१९ आणि मे २०२५ मध्ये दोन्ही देश खालच्याच पायऱ्यांवरून परतले, म्हणून वरच्या पायऱ्या नाहीशा होत नाहीत.

कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपुढे उभे राहताना त्या काही मिनिटांतील निर्णयाचा अभिमान जरूर वाटावा. मात्र त्या निर्णयानंतरही थांबण्यासाठी तीन आठवडे उरले होते, हेही आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे. क्षेपणास्त्रांच्या काळात तेवढा अवधी मिळेलच असे नाही.