बोरगाव परिसरातील इतिहासस्थळे : हद्दीच्या दोन्ही अंगांनी

बोरगावला येणारी मंडळी विचारतात, "तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे?" गावापुरतं बोलायचं तर उत्तर लवकर संपतं. पण बोरगाव मुक्कामाला धरून चारी दिशांना फिरलं, तर एक दिवस पुरत नाही. अडचण एवढीच, की कर्नाटकाची पर्यटन-यादी हद्दीला थांबते आणि महाराष्ट्राचीही तिथंच थांबते. इथली ठिकाणं मात्र हद्दीच्या आधीची आहेत. म्हणून या टिपणात ती एकत्र मांडतो.

सुरुवात खिद्रापूरपासून करू. कृष्णाकाठचं कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला 48 खांब असून छत मधोमध गोल उघडं आहे. मंदिरात शिलालेख आहेत. त्यातला यादव राजा सिंघणाचा लेख संस्कृतात, देवनागरी लिपीत आहे आणि बाकीचे बहुतेक जुन्या कन्नडात. शिवमंदिर असून इथं नंदी नाही, हे पाहुण्यांच्या लगेच ध्यानात येतं. जुनी माणसं सांगतात, सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, ती परत आली नाही. म्हणून देव कोपला, आणि नंदी राहिला यडूरला. यडूर आज कर्नाटकात, चिक्कोडी भागात आहे. तिथलं वीरभद्राचं देवस्थानही प्रसिद्ध आहे. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात! एका यादीवर भरवसा ठेवणाऱ्याला ही कथा अर्धीच कळते.

दुसरं ठिकाण भोज, वेदगंगा-दूधगंगेच्या परिसरातलं. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवी उभारी देणारे आचार्य शांतिसागर या गावचे. जन्म 1872 चा, आजोळी यळगूडला. देह ठेवला 1955 साली कुंथलगिरीवर. आजोळ आज महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात. निपाणीजवळ तवंदी घाटाच्या बाजूला स्तवनिधी हे जैन क्षेत्र आहे. 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना तिथंच झाली. सभेच्या नावात महाराष्ट्र आहे, जन्मस्थान आज कर्नाटकात आहे, आणि सभासद दोन्हीकडचे. दर्शनाला येणाऱ्यांत मराठी बोलणारे असतात, कन्नड बोलणारेही असतात.

आता निपाणी. सरलष्कर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर हे पेशवाईच्या अखेरच्या काळातलं वजनदार नाव. त्यांच्या मृत्यूनंतर 1839 मध्ये कंपनी सरकारनं जहागीर खालसा केली. पुढं 1841 मध्ये निपाणीच्या किल्ल्यावर उठाव झाला आणि तो इंग्रजांनी लष्कर आणून मोडला. पण निपाणी म्हणजे नुसतं देसाईंचं गाव नव्हे. एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन इथं भरलं, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. माझ्या मते तंबाखूच्या वखारी हीसुद्धा इतिहासस्थळंच आहेत. तंबाखूवर आणि विडीवर इथली हजारो घरं जगली, त्यात बायकांचे कष्ट मोठे. वखारींच्या जागी गाळे उभे राहतील तेव्हा ही खूण पुसली जाईल. किल्ल्याच्या दगडाला निदान कुणी नाव तरी विचारतं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1967 च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं, पण अंमल झाला नाही. 2004 पासून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात मी इथं शिरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाची काळजी वेगळी आहे. देवळातले जुने लेख हळेगन्नडात आणि वाड्यातले कागद मोडीत. मराठी शाळेत शिकलेल्याला पहिले वाचता येत नाहीत, कन्नड शाळेत शिकलेल्याला दुसरे. आमच्याकडं एकाच घरात आजोबा मराठी शाळेचे आणि नातू कन्नड शाळेचा असं सर्रास आहे. दोघं एकत्र बसले, तरच गावाचा पूर्ण इतिहास लागेल!

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. फिरायला याल तेव्हा गावाचं नाव दोन्ही भाषांत जसं म्हणतात तसं टिपून घ्या. निपाणी आणि निप्पाणी ही एकच जागा आहे. वीरगळ किंवा लेख दिसला तर त्याला तेलरंग लावू देऊ नका, फोटो काढा, शेजारच्या ओळखीच्या खुणेसकट. आणि घरात मोडीचं दप्तर असेल तर रद्दीत जाण्याआधी मंडळाला दाखवा. कन्नड जाणणारं माणूस सोबत आणलंत, तर फारच उत्तम.