घरांतील गाणें आणि परक्याची किल्ली

ग्रामोफोनची तबकडी एकदां घरीं आली, कीं ती काढणारी कंपनी बुडाली तरी गाणें बुडत नसे. स्ट्रीमरची गोष्ट निराळी. इंटरनेटवरून किंवा घरच्या संगणकांतून गाणीं आणून हाय-फाय यंत्रास देणाऱ्या या पेटीच्या पोटांत बहुधा स्वतःचें असें कांहींच नसतें.

२००१ सालीं कॅलिफोर्नियांतील स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीनें आपली पहिली अशी पेटी विक्रीस आणली. २००३ च्या स्क्वीझबॉक्सनें तारेचीही गरज ठेवली नाहीं. २००६ मध्यें लॉजिटेकनें ती कंपनी विकत घेतली, २०१२ मध्यें स्क्वीझबॉक्स हें नांव गुंडाळलें आणि २०२४ मध्यें त्या पेट्यांची इंटरनेटवरील सेवाही थांबविली. तरी त्या आजही गात आहेत! कारण गाणीं पाठविणाऱ्या सॉफ्टवेअरचें मूळ लिखाण प्रारंभापासून सर्वांस खुलें होतें. हौशी मंडळींनीं तें आतां लिरियन या नांवानें चालू ठेविलें आहे.

गिऱ्हाईक मात्र दुकानांत आंकडेच विचारतो. सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आज साधी पेटीही बिनचूक पोंचविते. विचारावयाचें तें हें, कीं कंपनीनें उद्यां दार लावलें तर घरच्या संगणकांतील गाणीं ही पेटी वाजवील काय? दुकानदार येथें घुटमळला, तर दुसरी पेटी पाहावी.