चिपी ते पुणे विमानाने : अंतर किती, वेळ किती? आपल्या गावावरून हिशोब असा करा

सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी पुण्यात असतंच. नोकरी, शिक्षण, दवाखाना, कारण काहीही असो, फेरी ठरलेली. त्यामुळे ‘विमानाने किती वेळ लागतो?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचा हा हिशोब.

अंतर किती?
वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. कोल्हापूरमार्गे रस्त्याने हेच अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास जातं, कारण घाट चढावा लागतो आणि रस्ता वळसा घेतो.

विमान किती वेळात पोहोचतं?
अशा छोट्या मार्गांवर बहुधा एटीआर ७२ जातीचं पंख्याचं विमान असतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नुसता भागाकार केला तर ३५ मिनिटं येतात. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं धरून साधारण एक तास लागतो.

घर ते घर किती?
खरा हिशोब इथे आहे. कुडाळहून निघणाऱ्याचं उदाहरण घेऊ :
• कुडाळ ते चिपी : पाऊण तास
• विमानतळावर आधी पोहोचणं : दीड तास
• विमान प्रवास : एक तास
• सामान घेऊन बाहेर पडणं : अर्धा तास
• लोहगाव ते पुणे शहर : एक तास
एकूण पावणेपाच तास. रात्रीच्या बसला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे वेळ निम्मा होतो.

पण तालुक्यागणिक हे गणित बदलतं. वैभववाडीकरांना चिपी गाठायलाच दोन तास हवेत, आणि घाट तर त्यांच्या दारातच सुरू होतो. त्यांचा फारसा वेळ वाचत नाही. दोडामार्ग, बांदा भागातल्यांना गोव्याचं मोपा विमानतळ जवळ पडतं. त्यांनी तिथलं वेळापत्रकही बघावं.

तिकीट काढण्यापूर्वी
• छोट्या विमानतळावरून प्रत्येक मार्गावर रोज विमान असेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर वार आणि वेळ बघूनच ठरवा.
• पावसाळ्यात ढग खाली आले की विमान उशिरा येतं किंवा रद्द होतं. ऑपरेशन, परीक्षा, मुलाखत असेल तर एक दिवस आधी निघा.
• कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क आहे. तिकिटावर स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, मेसेज त्यावरच येतो.
• किती किलो सामान चालेल ते तिकिटावर लिहिलेलं असतं. जास्त झालं तर वेगळे पैसे पडतात. आंब्याची पेटी घरीच वजन करून न्या.
• सुकं खोबरं विमानात चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा.
• मूळ ओळखपत्र विसरू नका.

थोडक्यात, तिकिटावरचा एक तास हा विमानाचा. आपला वेळ आपल्या दारापासून मोजायचा. तो बसपेक्षा खरंच कमी येत असेल, तरच जादा पैसे मोजा.