एका मताच्या तृतीयांशाने

५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत संस्थानिकांचे तनखे बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं. बाजूने १४९, विरोधात ७५. अशा दुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश. तेवढ्या एका तुकड्यावाचून विधेयक पडलं. तीनच दिवसांपूर्वी लोकसभेने ते ३३२ विरुद्ध १५४ मतांनी मंजूर केलं होतं.

मुंबईच्या विधानभवनातल्या ग्रंथालयात माझी नोकरीची वर्षं गेली. राज्यसभा कशाला हवी, असं कोणी विचारलं की मी त्याला या मतदानाची गोष्ट सांगायची. माझं स्वतःचं मत तनखे जावेत असंच होतं. ज्या देशात शेतमजुराला वर्षभर काम मिळत नाही, तिथे राजघराण्यांना सरकारी तिजोरीतून पिढ्यान् पिढ्या पैसे देत राहण्याला काही अर्थ नव्हता. पण सरदार पटेलांनी विलीनीकरणाच्या वेळी दिलेला शब्द राज्यघटनेत लिहिलेला होता, आणि तो मोडायचा तर रीतसर मोडायला हवा होता. विधेयक पडल्यावर सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने एका झटक्यात सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले. अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे खटला चालला आणि डिसेंबरात आदेश रद्द झाला. मग लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, आणि लोकांचा स्पष्ट कौल घेऊन आलेल्या संसदेने त्याच वर्षाच्या अखेरीला तनखे बंद केले. तनखे गेलेच. मधल्या सव्वा वर्षात मात्र न्यायालयाला बोलता आलं आणि मतदारालाही. वरिष्ठ सभागृहाकडून याहून वेगळं मी काही मागत नाही.

त्या वर्षी राज्यसभेचे उपसभापती होते चांद्याचे बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे, बाबासाहेबांचे अनुयायी. स्वतः बाबासाहेबही १९५२ ची लोकसभेची निवडणूक उत्तर मुंबईतून हरल्यावर मुंबई राज्यातून याच सभागृहात आले आणि अखेरपर्यंत इथेच होते. पहिल्या वेळी त्यांना चारच वर्षं मिळाली, आणि त्याचं कारण सभागृहाच्या घडणीत आहे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, तेवढेच नवे येतात. हे चक्र सुरू व्हायचं तर पहिल्या तुकडीतल्या काहींना दोन, काहींना चार वर्षांतच जावं लागणार होतं. कोणी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. बाबासाहेब १९५६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निवडून आले. त्याच डिसेंबरात ते गेले.

नियुक्त सदस्यांच्या बाकांवर त्या वर्षांत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे होते, मामा वरेरकर होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा पंडित आणि गिरणी कामगारांवर लिहिणारा नाटककार एका छताखाली बसतात, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. बारा नियुक्त जागांची तरतूद अशाच माणसांसाठी आहे.

इंग्रजांनी १९१९ च्या कायद्याने दिल्लीत जे वरचं सभागृह आणलं, त्याचा बाज अगदी वेगळा होता. कौन्सिल ऑफ स्टेट असं त्याचं नाव, सदस्य साठ, आणि सुरुवातीची बैठकीची जागा यमुनेकाठचं मेटकाफ हाउस. मतदार म्हणजे जमीनदार, मोठे करदाते आणि पदवाले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिथे होते. पुढे नागपूरचे सर माणेकजी दादाभाई बरीच वर्षं अध्यक्ष राहिले. श्रीमंतांचं कुंपण म्हणून ते बांधलेलं होतं. म्हणूनच १९४७ च्या जुलैमध्ये संविधान सभेत हा विषय निघाला तेव्हा काही सदस्यांनी दुसरं सभागृह मुळातच नको, असं सांगितलं. त्यांची भीती खोटी नव्हती. गोपालस्वामी अय्यंगारांनी त्यांना दिलेलं उत्तर माफक होतं: महत्त्वाच्या विषयांवर भारदस्त चर्चा व्हावी आणि क्षणिक भावनेच्या भरात आलेला कायदा थोडा थांबावा, एवढीच अपेक्षा. मतदार आता संपत्तीवर ठरणार नव्हता. राज्यांच्या आमदारांनी खासदार निवडायचे होते.

पैशाच्या बाबतीत या सभागृहाचे हात बांधलेले आहेत. धन विधेयक चौदा दिवसांत परत करायचं, सूचना मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवणार. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत तिढा पडला तर संयुक्त बैठक होते आणि तिथे लोकसभेची संख्या भारी पडते. १९६१ मध्ये हुंडाबंदीच्या विधेयकावर पहिली अशी बैठक झाली. घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही. म्हणूनच १९७० ला तो एक तृतीयांश इतका महाग पडला. म्हणूनच १९७८ मध्ये जनता पक्षाच्या सरकारला सार्वमताचं कलम सोडून द्यावं लागलं, आणि १९८९ मध्ये पंचायत राज व नगरपालिकांची दोन्ही विधेयकं इथे पडली. केंद्र राज्यांना बगल देऊन थेट गावापर्यंत हात घालतंय, असा विरोधकांचा आक्षेप होता. तीन वर्षांनी हेच विषय राज्यांना जास्त मोकळीक देऊन ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीत आले आणि टिकले. आणीबाणीत ४२ वी दुरुस्ती आली तेव्हा मात्र हे सभागृह आडवं आलं नाही. ते विसरून चालणार नाही.

राज्यसभेची निवडणूक जवळ आली की आमच्या ग्रंथालयात कोट्याचं गणित समजून घ्यायला माणसं यायची. २०२२ च्या जूनमधली निवडणूक घेतली तर ते नीट कळतं. सहा जागांना सात उमेदवार. वैध मतं २८४. एकाहून अधिक जागा असल्या की प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. २८,४०० ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सातने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा: ४,०५८. कोट्यावर मतं मिळालेल्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. भाजपच्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती. त्यांच्या शिलकीवर पहिल्या पसंतीची २७ मतंच मिळालेला त्यांचा तिसरा उमेदवार शिवसेनेच्या ३३ वाल्याला मागे टाकून गेला. मोजणी पहाटेपर्यंत चालली. हिशोबाची ही पद्धत कठीण असली तरी प्रामाणिक आहे. छोट्या पक्षाच्या आमदाराने लिहिलेला दुसरा आकडाही तिथे वाया जात नाही.

मला सलते ती २००३ ची दुरुस्ती. तोवर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवार त्या राज्यातल्या एखाद्या मतदारसंघाचा मतदार असावा लागे. ती अट निघाली. देशातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव असलं की पुरे झालं. त्याच दुरुस्तीने मतदान खुलं झालं, आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. घोडेबाजार थांबावा हा हेतू मला पटतो. रहिवासाचं पटत नाही. अट पळवाटांनी पोखरली होती, भाड्याच्या घराचे पत्ते दाखवले जात, हे सगळं खरं. पण कुंपण मोडलं तर डागडुजी करतात, जमीन सोडून देत नाहीत. पत्रकार कुलदीप नय्यर, जे स्वतः या सभागृहात नियुक्त सदस्य होते, न्यायालयात गेले. २००६ मध्ये पाच न्यायाधीशांनी दुरुस्ती वैध ठरवली.

तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. राज्यघटनेने रहिवासाची सक्ती केलेली नाही, हे बरोबर. पण २४९ व्या कलमाप्रमाणे राज्याच्या यादीतला विषय संसदेच्या हाती सोपवायचा ठराव फक्त राज्यसभा करू शकते, तोही दोन तृतीयांश मतांनी. शेती, पाणी, पोलीस, सगळं त्या यादीत आहे. उत्तर प्रदेशाचे ३१ सदस्य, महाराष्ट्राचे १९, गोव्याचा एक. अमेरिकेच्या सिनेटसारखी राज्याराज्यांची बरोबरी इथे नाहीच. अशा वेळी गोव्याच्या त्या एकमेव खासदाराचं नाव तरी गोव्याच्या मतदारयादीत असलं पाहिजे. १९५१ च्या कायद्यातली ती ओळ संसदेने परत लिहावी, आणि तिची मागणी आधी आमच्या विधानभवनातून ठराव होऊन जावी, असं मला मनापासून वाटतं.