टेशन, फलाट आणि सर्टिफिकीट



आमच्या गटातली एक ताई मध्यंतरी एका कार्यालयात कागद घेऊन गेली. "सायेब, सर्टिफिकीट आणलं," असं म्हणाली. समोरच्यानं शेजारच्याकडं पाहिलं, तोच शब्द तिच्यासारखा म्हणून दाखवला, आणि दोघं हसले. एवढंच झालं. पण पुढच्या बैठकीत ताई म्हणाली, "बँकेत, पंचायत समितीत आता तुम्हीच जात जा. मला बोलता येत नाही." जी बाई गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते, ती एका शब्दापायी गप्प झाली.

आम्हाला ते सलत राहिलं. म्हणून हा शब्द नेमका चुकला कुठं, ते शोधायला बसलो. शोधता शोधता पोहोचलो ते आपल्या मलकापूरच्या रेल्वे स्टेशनावर, दीडशे वर्षं मागं.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडं गेला. त्याच वर्षी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला मोल आलं. भुसावळकडून रूळ मलकापूर, शेगाव, अकोला करत पुढं गेले आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटाही सुरू झाला.

गाडीबरोबर शब्द आले. ते कानानं आले. रुळावर खडी टाकणाऱ्या, गाठी वाहणाऱ्या माणसांच्या हातात काही इंग्रजीचं पुस्तक नव्हतं. जे ऐकू आलं तेच त्यांनी उचललं. मग त्यांना ऐकू काय आलं असेल?

इथं इंग्रजी बोलण्याची एक खोड समजून घ्यावी लागते. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. 'मलकापूर' म्हणताना म, ल, का, पूर सगळी नीट ऐकू येतात. इंग्रजीत तसं नाही. मोठ्या शब्दातल्या एका भागावर जोर पडतो. तो भाग ठसठशीत, लांब आणि जरा उंच सुरात निघतो. बाकीचे भाग आखडतात, कधी गिळलेच जातात. हा जोर जागेवर नसला, तर बाकी उच्चार बरोबर असूनही इंग्रज माणसाला शब्द कळायला वेळ लागतो.

आता आपल्या आजीचे शब्द पाहा. 'प्लॅटफॉर्म'मध्ये जोर पहिल्या भागावर. आपल्या लोकांनी तो भाग धरला, शेवटचा सोडला, आणि झाला 'फलाट'. 'स्टेशन'मध्ये जोर 'स्टे'वर. जोडाक्षरानं शब्द सुरू करणं जिभेला जड, म्हणून स गेला. पण जोराचा 'टे' राहिला. झालं 'टेशन'. फौजेतल्या 'रिक्रूट'मध्ये जोर 'क्रूट'वर. पुढच्या भागाचं काहीबाही झालं, तरी शेवटचा 'रूट' लांबच्या लांब टिकला: 'रंगरूट'. 'म्युनिसिपालिटी'त जोर 'पा'वर, आणि त्याच्यानंतरचा 'लि' अगदी पुसट. आपल्याकडची म्हातारी माणसं काय म्हणतात? 'मुन्शिपाल्टी'. 'पाल' जागेवर, 'लि' गायब.

आणि आमच्या ताईचं 'सर्टिफिकीट'? इंग्रजीत जोर 'टि'वर आहे. शेवटचा भाग बिनजोराचा, म्हणून आखूड. जुन्या इंग्रजी उच्चारात तो 'किट'च होता. 'केट' हे स्पेलिंग पाहून केलेलं वाचन. म्हणजे शेवटापुरतं तरी ताईचा उच्चार हसणाऱ्यापेक्षा जास्त जवळचा! तिकीट, पाकीट हे शब्दही तसेच कानानं आलेले. त्यांना आज कोणी हसत नाही, कारण ते आता सगळ्यांचे झाले.

सगळेच शब्द असे नाहीत, हेही सांगायला हवं. 'हॉटेल'मध्ये इंग्रजीचा जोर 'टेल'वर असतो. आपण तो 'हा'वर देतो आणि 'हाटेल' म्हणतो. पण एकंदरीत कानानं आलेल्या शब्दांनी जोर पुष्कळ सांभाळला.

मग तो सुटला कुठं? इंग्रजी डोळ्यांनी यायला लागली तेव्हा. शाळा निघाल्या, नोकरीसाठी इंग्रजी लिहिता-वाचता येणं गरजेचं झालं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या. तिचा उपकार मोठा आहे. पण भाषांतरातून वाक्य जुळवता येतं, जोर ऐकू येत नाही. लंडनच्या डॅनियल जोन्स यांनी १९१७ मध्ये उच्चारांचा कोश काढला, त्यात जोराच्या खुणा होत्या. आपल्या खेड्यातल्या वर्गात ती खूण कुठून येणार? आमच्यापैकी बहुतेकींना इंग्रजी पाचवीत भेटली, तीही फळ्यावर. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली.

बाईच्या वाट्याला तर त्याआधी टोमणे होते. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी छापल्या. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्याच बायकांची बोलणी कशी खावी लागली, ते त्यात आहे. आपल्याला हसणारे नवे नाहीत, मैत्रिणींनो.

आता थोडं कामाचं. आम्ही आमच्या बैठकीत करतो तेच सांगतो.

एक, ज्या शब्दाच्या शेवटी 'शन' येतं, त्यात जोर त्याच्या अगदी आधीच्या भागावर. अ‍ॅप्लिकेशनमध्ये 'के'वर, रजिस्ट्रेशनमध्ये 'स्ट्रे'वर. शेवटी 'इटी' आलं तरी तसंच: इलेक्ट्रिसिटीत जोर 'ट्रि'वर.

दोन, काही शब्द नाव असताना पुढं जोर घेतात आणि क्रिया असताना मागं. गटाचं 'रेकॉर्ड' म्हणजे वही, तेव्हा जोर 'रे'वर. आवाज रेकॉर्ड करायचा, तेव्हा जोर 'कॉर्ड'वर, आणि 'रे'चा आखूड 'रि' होतो.

तीन, वाक्यातही हेच. 'आय वॉन्ट टू ओपन अ न्यू अकाउंट' यात वॉन्ट, ओपन, न्यू, अकाउंट हे अर्थाचे शब्द जोरात. आय, टू, अ हे हलकेच सरकून जातात.

चार, जोर हलला की म्हणणं हलतं. आपण मराठीत 'च' लावतो: 'मीच पैसे दिले', 'मी पैसेच दिले', 'मी पैसे दिलेच'. इंग्रज शब्द तेच ठेवतो आणि 'आय पेड द मनी' यातल्या वेगवेगळ्या शब्दावर जोर देतो. त्याचा 'च' त्याच्या आवाजात असतो. हे सांगितल्यावर आमच्या बायांना सगळ्यात लवकर कळलं, कारण 'च' कुठं लावायचा हे बाईला कोण शिकवणार?

शब्दकोशात जोराच्या भागाआधी वर एक छोटी उभी रेघ असते. मोबाईलवर शब्द ऐकताही येतो. आधी ऐका, मग म्हणा, स्पेलिंग शेवटी पाहा. आपल्या पणज्या फलाटावर याच क्रमानं शिकल्या होत्या. फक्त स्पेलिंगपर्यंत त्यांना कोणी जाऊ दिलं नाही.

घरातल्या जुन्या माणसांकडून असे शब्द गोळा करा आणि आम्हाला कळवा. त्यांना सुधारू नका, आधी नीट ऐका.

ताईला आम्ही हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी चुकली नव्हती?" अर्ज अजून त्याच कार्यालयात पडून आहे. सोमवारी आम्ही चौघी जाणार आहोत. बोलणार तीच.